धारूरच्या कबरीपाशी दहा माणसं

लातूरची गाडी ठाण्याहून सुटते न सुटते तोच सॅम्युअलनी समोरच्या प्रवाशाची माफी मागितली. त्या बिचाऱ्याची अजून बॅगही नीट ठेवून झाली नव्हती. कशाबद्दल, असं त्यानं विचारलं, तर म्हणे चढताना तुम्हाला माझा धक्का लागला असेल. लागला नव्हता. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

सॅम्युअल म्हणजे आमचे यजमान. जन्मभर मी 'अहो' म्हणत आले, पण लिहिताना 'हे' 'हे' केलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ उडेल, म्हणून नाव घेते. आम्ही बेने इस्राएल, मूळचे अलिबागकडचे. कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगावी आम्हाला शनिवार तेली म्हणत. आमचं नवं वर्ष पावसाळा सरता सरता येतं, आणि त्याच्या आधीचा महिना एलूल. या महिन्यात तेशुवा करायची, म्हणजे चुकलेल्या वाटेवरून मागे फिरायचं. पहाटे उठून सेलिहोत (क्षमेच्या प्रार्थना) म्हणायच्या. देवाच्या बाबतीत आपलं काही चुकलं असेल तर देव माफ करतो. पण माणसाच्या बाबतीत चुकलं असेल तर देवसुद्धा हात वर करतो. त्या माणसाकडे आपल्या पायांनी जावं लागतं, आणि काय केलं ते आपल्या तोंडानं सांगावं लागतं.

हे सगळं मला मान्य आहे. पण दरवर्षी एलूल लागला की सॅम्युअल दूधवाल्याची, वॉचमनची, माझ्या धाकट्या बहिणीची माफी मागत सुटतात, आणि ज्याची मागायला हवी त्याचं नाव काढलं की पेपर उघडून बसतात. त्याचं नाव युनुस मिस्त्री.

लग्नाआधी सॅम्युअल अंबाजोगाईत प्राध्यापक होते. जवळ स्कूटर होती. एका शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ (आमचा शनिवारचा विसावा) लागायच्या आत घरी पोचायचं म्हणून घाईघाईत पेट्रोल भरलं आणि त्यात ऑइल टाकायचं विसरले. तेव्हाच्या स्कूटरला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे. वाटेत इंजिन जाम झालं. स्कूटर आदल्याच दिवशी युनुसनं दुरुस्त करून दिली होती. झालं! शनिवार उलटताच सॅम्युअल त्याच्या गॅरेजसमोर गेले आणि भर रस्त्यात, गिऱ्हाइकांदेखत, त्याला चोर म्हणाले. नवे पार्ट काढून जुने घालतो म्हणाले. पुढे डिकीत ऑइलची बाटली सापडली, बूच न उघडलेली. तेव्हा लाज वाटली आणि गप्प बसले. प्राध्यापकच म्हणतोय म्हटल्यावर लोकांना ते खरं वाटलं. गिऱ्हाईक तुटलं, गॅरेज बंद पडलं, युनुस गाव सोडून गेला. तेल विसरला तेल्याचा पोरगा आणि देशोधडीला लागला मिस्त्री.

मी किती वर्षं सांगत होते, एकदा जाऊन या. यंदा छातीत दुखलं, डॉक्टरांनी स्टेंट घातला, आणि घरी आल्या आल्या सॅम्युअल म्हणाले, नवं वर्ष लागायच्या आत अंबाजोगाई. मरणाच्या भीतीनं सुचलं, पण सुचलं एकदाचं.

लातूरला सकाळी सुशीला खाल्ली. सुशीला म्हणजे बाई नव्हे, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा. सॅम्युअलनी त्याबद्दल हॉटेलवाल्याचे इतके आभार मानले की तो संशयानं बघायला लागला. मग भाड्याची गाडी केली. ड्रायव्हरचं नाव बाळू. माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्टीला 'टेन्शन न्हाई' म्हणायचा आणि त्यानं मला भारी टेन्शन यायचं. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघाभर उभं होतं. काळ्या रानातून हिरवंगार असं काही दिसलं की इतर वेळी मी गाडी थांबवते. या खेपेला नाही थांबवली.

अंबाजोगाई आली. गॅरेजची ओळ अजून होती तिथंच होती. बाळूनं गाडी हळू केली, तर सॅम्युअलनी काच वर घेतली. उतरून विचारू या, असं मी म्हणाले. त्यांनी बाळूलाच पुढच्या चौकात विचारायला पाठवलं. बाळू आला तो पत्ता घेऊनच: युनुस मिस्त्री, घाटनांदूर.

घाटनांदूरला पोचलो. मिस्त्री मोटरसायकलखाली आडवा होता, नुसते पाय दिसत होते. सॅम्युअलना धीर निघेना. त्यांनी त्या पायांनाच हात जोडले आणि म्हणाले, माझी मोठी चूक झाली, मला माफ करा. खालून आवाज आला, "केलं माफ. बसा, चा सांगतो." सॅम्युअलच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मिस्त्री बाहेर आला. वय असेल तिशीचं, हा दुसराच युनुस. सॅम्युअलची स्कूटर बंद पडली तेव्हा याचा जन्मही झाला नसावा. तरी त्यानं चहा पाजलाच, आणि म्हातारे युनुसभाई अंबाजोगाई सोडून धारूरला गेले, तिथं फळं विकायचे, असं सांगितलं. 'विकायचे' हा शब्द मला खटकला. सॅम्युअलना नाही खटकला.

आलो त्याच रस्त्यानं उलटे गेलो. केज मागं पडलं, बालाघाटचे डोंगर जवळ आले. धारूरचा किल्ला दिसला तसं सॅम्युअल खिशातून कागद काढून पाठ करू लागले. काय बोलायचं ते लिहून आणलं होतं. मी म्हटलं, अहो, परीक्षा आहे का? ते चिडले नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला.

किल्ल्याच्या उतारावर घर होतं. दार उघडलं ते शमीमबींनी, युनुसच्या बायकोनं. युनुसभाई आहेत का, असं सॅम्युअलनी विचारलं.

"न्हाईत. मागल्या साली गेले. तुमी कोन?"

सॅम्युअल उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसले. हे अंबाजोगाईचे सर, एवढंच मी सांगितलं. शमीमबींनी सॅम्युअलकडे निरखून पाहिलं.

"स्कूटरवाले?"

मान खाली घालून सॅम्युअल हो म्हणाले. शमीमबी आत गेल्या. मला वाटलं, आता दार लावतील. त्या दोन पेले पाणी घेऊन आल्या आणि माझ्या हातात दोन्ही दिले.

एका वर्षानं चुकलो. एवढी वर्षं हा माणूस पेपर वाचत बसला आणि एका वर्षानं चुकला. मला रडायला यायला हवं होतं, मला संताप आला. आणि तेवढ्यात सॅम्युअल उठून म्हणाले, आपल्यात याचीही सोय आहे. ज्याचं वाईट केलं तो माणूस वारला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि त्यांच्यासमोर सगळं कबूल करायचं. धारूरमध्ये दहा ज्यू कुठून आणणार? त्यांनी ठाण्याला आमच्या हझानना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) फोन लावला. हझान म्हणाले, माणसं दहा आणा, पुढचं देव बघेल.

शेजारचे गफूरभाई फळंवाले. त्यांनी स्वतःसकट सात जण जमवले, दोन शेतकरी रस्त्यावरून आले, दहावा बाळू. टेन्शन न्हाई. प्रत्येक जण विचारत होता, तुमी कोन, कावून (कशासाठी) आलात. बेने इस्राएल म्हटल्यावर एकजण मागं सरला आणि म्हणाला, टीव्हीवरचे का? मी म्हटलं, टीव्हीवरचे नाही हो, अलिबागचे. गफूरभाईंनी त्याला समजावलं की बनी इस्राईल हे नाव कुराणात हाय, आन् पाव्हणा मय्यताची माफी मागाया आलाय, चल गप. तो आला.

कब्रस्तानात बायका जात नाहीत. म्हणून मी आणि शमीमबी बाहेर भिंतीच्या सावलीत बसलो. आतून सॅम्युअलचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. काय बोलायलेत, असं शमीमबींनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ऑइलची बाटलीसुद्धा.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, शेवटी हे लई आजारी पडले तवा समदे म्हनले अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्या. हे न्हाईच म्हनले. तितं कुनी वळखलं तर, चोर आला म्हनतील. बीडला न्यावं लागलं. गाव सोडलं त्यानंतर त्यांनी अंबाजोगाईत पाऊल टाकलं न्हाई, पोरीचं सासर तितं असून.



"त्या दहा मानसांनी त्यांना चोर म्हनलं न्हवतं, बाई," त्या म्हणाल्या. "चोर म्हनलं अंबाजोगाईत. तितं बोलले का तुमचे मालक?"

नाही, असं मी म्हणाले. काच वर घेऊन पुढं आलो.

"मग हितं माती ऐकायली. मातीला ठावंच हाय."

सॅम्युअल बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला नव्हता, उजळला होता. दहाही जणांशी हस्तांदोलन केलं. गफूरभाईंनी भाकरी, ठेचा आणि शेंगांची चटणी मांडली होती. सॅम्युअल चवीनं जेवले आणि तोंड पुसत मला म्हणाले, सुटलो गं.

मी म्हटलं, काही सुटला नाहीत. गाडीत बसा.

वाटेत मी शमीमबींचं सगळं बोलणं सांगितलं, दवाखान्याचंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, उद्या सकाळी जाऊ, आता थकवा आलाय. मी म्हटलं, तुमची उद्या मला पाठ आहे. निघताना शमीमबींनी माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं: बोलतील तवा फोन लावा, मला ऐकायचंय.

अंबाजोगाईत ऊन उतरत होतं. गॅरेजची ओळ कामात होती. युनुसच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं. सॅम्युअल गाडीतून उतरेनात. मी दार उघडून उभी राहिले. उतरले. शेजारच्या गॅरेजात एक म्हातारे मिस्त्री होते, अंकुशराव. युनुस मिस्त्री आठवतात का, असं विचारल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला. मी फोन लावला, स्पीकर चालू केला.

कागद खिशातच राहिला. मी इथं उभं राहून युनुस मिस्त्रीला चोर म्हणालो होतो, सॅम्युअल म्हणाले, ते खोटं होतं. ऑइल टाकायचं मी विसरलो होतो. मला नंतर कळलं, तरी मी गप्प बसलो.

फोनमधून आवाज आला, "हॉर्न वाजायलेत. न्हाई ऐकू आलं. परत बोला. आन् त्यांचं नाव पुरं घ्या."

या वेळी सॅम्युअल ओरडून बोलले. शेख युनुस शेख इस्माईल. आवाज फाटला. ओळीतली माणसं हातातलं काम टाकून आली, चहावाला आला, कुणीतरी वाजणारी मोटरसायकल बंद केली. सॅम्युअल पुन्हा पहिल्यापासून सगळं बोलले.

अंकुशरावांनी हात पुसले आणि माझ्या हातातला फोन घेतला. "भाभी, मी अंकुश. तवा मी हितंच हुतो. आमी समद्यांनी ऐकलं. युनुसभाईच्या कामात खोट नव्हती. आमाला तवाच बोलाया पायजे हुतं."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. 

"हे त्यांनी ऐकाया पायजे हुतं," शमीमबी म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

परतीच्या गाडीत सॅम्युअलनी कुणाचीच माफी मागितली नाही. बर्थवर अंथरूण घालताना मला विचारलं, शमीमबींनी माफ केलं का गं? आजवर अशा वेळी मी 'हो, झालं ना, झोपा आता' म्हणत आले. या वेळी तसं म्हणाले नाही. म्हटलं, माफी त्यांच्याकडे नव्हतीच. ज्याच्याकडे होती तो एक वर्ष आधीपर्यंत धारूरला फळं विकत होता. सॅम्युअलनी मान हलवली. मला त्यांची दया आली, पण बोललेलं मागं घेतलं नाही.

नव्या वर्षाच्या दिवशी मशिदीत (आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणतो) शोफार फुंकला, मेंढ्याचं शिंग ते, त्याचा आवाज पोटात जातो. वरून, बायकांच्या सज्जातून, सॅम्युअल दिसत होते. ताठ उभे होते. बाहेर पडताना आमच्या मजल्यावरची रिबेका आली, माझे हात धरले आणि दरवर्षीसारखी म्हणाली, काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर हं. दरवर्षी मी म्हणते, चल, कसली माफी, घरी ये खीर प्यायला.

यंदा मी विचारलं, "काय चुकलं, ते सांग."

तिनं हात सोडले. इकडंतिकडं पाहिलं. मग जिन्याच्या पायरीवर बसली, मला शेजारी बसवलं, आणि सांगायला लागली.