पट्टीच्या अलीकडे

आखातातल्या मेसईदच्या आमच्या प्रयोगशाळेत चुंबकचाचा सलामाच्या आधी ‘खिसे’ म्हणायचे. एनएमआरच्या, म्हणजे त्या मोठ्या चुंबकाच्या खोलीत जमिनीवर त्यांनी स्वतःच्या हाताने पिवळी पट्टी चिकटवली होती आणि पट्टीच्या अलीकडे प्लास्टिकचा एक डबा ठेवला होता. किल्ल्या, घड्याळ, बँकेचं कार्ड, सगळं त्यात टाकायचं. मोठा साहेब आला तरी सूट नाही. “खिसे रिकामे, डोकं भरलेलं, असं आत यायचं,” म्हणायचे.

चाचा दापोलीकडचे. चुंबकात नमुना ठेवला की पडद्यावर सुळके उमटतात, त्यांवरून रेणूची रचना ओळखायची. चाचांनी उभी नोकरी ते सुळके वाचण्यात घालवली. पुण्याचा एक संशोधक नवा पदार्थ सापडला म्हणून नाचत आला होता. चाचांनी पडद्याकडे पाहिलं. “अरे बाबा, हे ॲसिटोन. ट्यूब धुऊन वाळवली नाहीस. तुझा आळस दिसतोय इथे.” आणि थर्मासमधला चहा त्याच्यापुढे केला.

मग चाचांच्या छातीत पेसमेकर बसला. चुंबकाजवळ तो बिघडू शकतो, म्हणून पट्टी ओलांडणं बंद. शर्टाखाली कुणाला काय दिसणार होतं? मी म्हटलं, बोलू नका, अलीकडे बसून सुळके वाचा, आत जायला आम्ही आहोत. त्यांनी त्याच दिवशी ऑफिसला कळवलं.

“चाचा, का सांगितलंत?”

“रोज लोकांना खिसे झाडायला लावतो, बाय. मीच लपवू?”

ऑफिसने ‘मेडिकली अनफिट’ लिहिलं. खलास. नोकरी गेली की इथे व्हिसा जातो, कंपनीची खोली जाते. वाचायचं काम खुर्चीत बसून होतं, हे मी लेखी कळवलं. उत्तरसुद्धा दिलं नाही. माणसाला जपायला केलेल्या नियमाने माणूसच हाकलायचा आणि त्याला सुरक्षा म्हणायचं, हे मला मान्य नाही. त्या खरं बोलण्याची एवढीच किंमत झाली.

निरोपाच्या दिवशी चाचा आले. सवयीने किल्ल्या, घड्याळ डब्यात टाकलं आणि पट्टीपाशी थबकले. छातीतलं काही काढून ठेवता येणार नव्हतं. ते चुंबकाकडे बघत राहिले. मी शेजारी उभी होते.

“रविवारी चुंबकात नायट्रोजन भरायला विसरू नका,” एवढंच म्हणाले. “त्याला थंड ठेवावं लागतं.”

मग डब्यातून घड्याळ उचलून मनगटावर बांधलं. किल्ल्या तशाच राहू दिल्या. त्या कंपनीच्या खोलीच्या होत्या.