देवाजीचा कान

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास तामसीकडच्या वस्तीत जयंती जवळ आली की पोरं स्पीकर ठरवायला आदिलाबादेत जायची, आणि देवाजीला सोबत न्यायची. दुकानदार आपला माल दाखवायला भिंती हादरेपर्यंत आवाज चढवायचा. देवाजी हात वर करायचा.

"कमी कर. आनखी कमी कर. मोठ्या आवाजात तं तेलाचा डबाबी चांगला वाजते."

आवाज पार तळाला गेला की तो डोळे मिटायचा. गाणाऱ्याचा श्वास कळला, मागची झांज स्वच्छ किणकिणली, की म्हणायचा, "हा घ्या." त्यावर कुणी अपील करत नसे. घरी टेप घेणारा मास्तर असो नाहीतर पोस्टातला कारकून, देवाजीने ऐकल्याशिवाय पैसे काढत नसे.

तोच कान त्याला भाकर देत होता. आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करणारे वीस रेचे एका रांगेत धडधडत. कोणत्या रेच्याची पाती घासते, कुठलं बेअरिंग कोरडं पडलं, हे देवाजी फाटकातून आत शिरता शिरता सांगायचा. शेठ पाहुण्यांना मुद्दाम त्याचा हा खेळ दाखवी. रेच्यांवर कापूस घालणाऱ्या बायका कानात कापसाचे बोळे घालत. देवाजीची बायको भागीरथा त्यांच्यातलीच. रोज सकाळी ती त्याच्यापुढे बोळा धरी.

"घाला नं. दिवसभर काऊन कान फोडून घेता?"

"बोळा घालून मशीन कशी ऐकू? शेठ काय म्हनन?"

कापसाच्या ढिगात उभा राहून हा शहाणा चिमूटभर कापसाला महाग झाला, तोही शेठच्या शाबासकीपायी! मला आजही त्याचा राग येतो.

ब्याण्णवला भागीरथा तापाने गेली. चार वर्षांनी देवाजीला झांज ऐकू येईनाशी झाली. मग चिमण्या गेल्या, मग बायकांचं बोलणं. लेक सासरी, घरात बोलणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. जिनिंगमध्ये तो आता रेच्याच्या अंगावर तळहात ठेवून बिघाड ओळखायचा. दोन सीझन त्याने असे काढले. हे शेठच्या कानावर गेलं तर आपण रस्त्यावर येणार, हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्या भीतीने तो पोखरून निघाला होता.

नव्याण्णवमध्ये त्याच्या जावयाने, खुशालने, एका क्लासचा जुना कम्प्युटर घरी आणला. खुशाल त्याच जिनिंगच्या ऑफिसात कारकून. कम्प्युटरवर गाणी लागतात म्हटल्यावर स्पीकर हवेत, आणि स्पीकर म्हटल्यावर सासरा हवा. नाही म्हणायला देवाजीला तोंड नव्हतं.

दुकानदाराने दोन जोड मांडले. एक लहानसा, पांढरा. दुसरा काळा, खाली ठोक्यांसाठी वेगळा मोठा डबा असलेला. "चाचा, आप ही बोलो," तो म्हणाला. देवाजीने सवयीने आवाज कमी करायला लावला. पांढऱ्यातून काही म्हणता काही आलं नाही. काळ्याचे ठोके मात्र छातीत लागले. चला, हा तरी वाजतो, असं वाटून त्याने काळ्यावर हात ठेवला.

"मामाजी, यात तं नुसतं धबधब करून राह्यलं. गानं कुठी हाय?" खुशाल म्हणाला.

देवाजीला शब्द कळले नाहीत, कपाळावरची आठी दिसली. "तुमाले यातलं नाही समजत, जवाईबापू." खुशालने पैसे मोजून काळा जोड घेतला.

घरी चंद्रभागाने, लेकीने, गाणं लावलं. पडद्यावर गाण्याबरोबर हिरव्या रेघा नाचू लागल्या.

"पोरी, आवाज कमी कर. मंग पाय."

तिने कमी केला. तिलाही गाण्याऐवजी ठोकेच ऐकू येत होते, म्हणून तिने बापाकडे पाहिलं. तो रेघांकडे डोळे लावून मान डोलवत होता. तिने बटण आणखी फिरवलं, मग आवाज पार बंद केला. पडद्यावर रेघा मात्र नाचतच होत्या.

"आता आयक," देवाजी म्हणाला, "झांज कशी सुटी वाजते!"

दाद घ्यायला त्याने वळून पाहिलं. लेकीचे डोळे भरले होते आणि खुशाल भिंतीला टेकून उभा होता. देवाजीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

चंद्रभागा त्याच्या कानाशी आली. "बा, कवापासून?"

"दोन सीझन झाले."

मग नवरा-बायको कोपऱ्यात बोलत राहिले. देवाजी ओठ पाहत होता. लेक हात जोडत होती, जावई मान हलवत होता. "काय म्हनून राह्यले?" त्याने विचारलं.

"जेवाले बसा म्हनते," ती ओरडली.

ती खोटं बोलते हे कळायला कान लागत नव्हते. पाती निसटली आणि आपल्याला कळलं नाही, तर एखादीचा हात जाईल, हे त्याच्या मनात दोन सीझन येत होतं आणि तो ते दाबत होता. खुशालही तेच म्हणत शेठला सांगायला निघाला असणार. त्याला चुगलखोर करण्यापेक्षा आपणच सांगावं.

सकाळी रेचे चालू असताना देवाजी रांगेपाशी आलेल्या शेठपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मालक, मले आयकू येत नाही."

शेठ बराच वेळ बोलला. शेवटी त्याने खुशालला बोलावून काहीतरी सांगितलं. खुशालने आधी हळू सांगितलं, मग जरा मोठ्याने. देवाजी नुसता त्याच्या तोंडाकडे पाहत होता. तेव्हा त्या बिचाऱ्याने सासऱ्याच्या कानाला तोंड लावलं आणि सगळ्या रेच्यांच्या वर आवाज काढून ओरडला,

"उद्यापासून येऊ नका म्हनतेत!"

रांगेतल्या वीसच्या वीस बायकांचे हात थांबले. कानात बोळे असूनही त्यांनी ते ऐकलं होतं.