त्यांच्या तारा मी शून्यावर आणल्या

मोजमापाच्या यंत्रांवर काम करणाऱ्या आम्हा लोकांचा एक नियम आहे. दाब असो, तापमान असो, जे यंत्र हातात येईल त्याच्या स्क्रूला हात लावण्याआधी ते जसं सापडलं तसं त्याचं रीडिंग घ्यायचं. चुकीचं असलं तरी घ्यायचं. चुकीचं असेल तर आवर्जून घ्यायचं, कारण ते कुठे आणि किती चुकत होतं हे नंतर कुणीतरी विचारतंच. मग काटा शून्यावर आणायचा. सौदीतल्या रास तनुराच्या रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे मी इतकी वर्षं हेच करत आलो आहे. नियम एकदाच मोडला, तो एका गिटारीवर. ती गिटार माझी नव्हती, आणि ज्याची होती तो माणूस तेव्हा जिवंत नव्हता.

मी त्यांना सर म्हणायचो. ते इंग्रज होते, साठी ओलांडलेले, आमच्या वर्कशॉपमध्ये सल्लागार म्हणून आलेले. सर म्हटलं की चिडवायचे, "ही पदवी आमच्याकडे राजा देतो. तुझ्या हातात तलवार दिसत नाही." तरुणपणी उत्तर इंग्लंडातल्या पबमध्ये आणि क्लबांमध्ये ते पेडल स्टील गिटार वाजवत. पुढे लंडनच्या स्टुडिओंत, दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर, बऱ्याचदा नावाशिवाय. त्याबद्दल फार बोलत नसत. एकदा एवढंच म्हणाले, "शुक्रवारी पबमध्ये लोक एकतर रडायचे, नाहीतर मारामारी करायचे. दोन्हीचं श्रेय मी घेतो." तिकडे त्यांना मानणारे किती होते, हे मला ते गेल्यावर कळलं.

हे वाद्य मी आधी कधी पाहिलं नव्हतं. चार पायांवर आडवी ठेवलेली फळी, तिच्यावर तारा, खाली पायाने दाबायची पेडलं आणि गुडघ्याने ढकलायचे खटके. फळीच्या पोटात बारीक सळया असतात. पेडल दाबलं की सळई तार ओढते आणि सूर चढतो; किती चढायचा ते सळईच्या टोकाचा नट ठरवतो. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकत राहते. त्यामुळे सूर एका जागी उभा राहत नाही, घसरत, चढत जातो. आमच्याकडे रत्नागिरीला खाडीच्या पलीकडून कुणी हाक मारली तर शब्द कळत नाहीत, नुसती हाक पोहोचते. तसं ते वाजायचं.

एक सळई वाकली म्हणून त्यांनी मला पहिल्यांदा बोलावलं. ती सरळ करून दिली, आणि मग जुम्म्याची नमाज झाली की मी त्यांच्याकडे जायला लागलो. अब्बा असते तर त्यांना हे गाणंबजावणं पटलं नसतं. मला ते पटवून द्यावंसंही वाटत नव्हतं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचो आणि ऐकायचो, बस.

फोनवर एक सूर मोजायचं अॅप होतं. एका शुक्रवारी मी ते समोर धरलं.

"सर, ही तार थोडी खाली आहे."

"कोण म्हणतं?"

"मीटर."

"मीटरला सांग, मी त्याच्या बायकोबद्दल काही बोलतो का?"

आणि वाजवायला लागले. मी हसलो, पण मनात वेगळंच होतं. कॉम्प्रेसरच्या आवाजात वर्षं काढल्याने त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. मला वाटलं, म्हाताऱ्याला आता सूर कळत नाही. वडीलधाऱ्याच्या सदऱ्यावरचा डाग आपण पाहूनही पाहत नाही, तसा मी फोन खिशात ठेवला. रेकॉर्डिंग करू का, असंही एकदा विचारलं होतं. "नको. रेकॉर्डवर पुष्कळ झालं. इथे मी नुसता वाजवतो," म्हणाले.

त्यांच्या कंपाउंडमधलं घर सोडायची वेळ आली तेव्हा ते सुट्टीवर निघाले होते. गिटार पायांवर उभी, जोडलेली तशीच त्यांनी माझ्या बसायच्या खोलीत आणून ठेवली. "परत आलो की नेतो." बायकोने चहा देताना तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "इस्त्रीचं टेबल आपल्याकडे आहे की, हे दुसरं कशाला?" मी ते त्यांना सांगितलं. ते इतके हसले की कप खाली ठेवावा लागला. "तिला सांग, लंडनमध्येही कुणाला याहून चांगलं नाव सुचलं नव्हतं."

ते परत आले नाहीत. तिकडेच, मुलीच्या घरी, हृदय बंद पडलं. त्यांचा दफनविधी तिकडे झाला आणि मी इकडे ड्यूटीवर होतो.

त्यानंतर खोलीत एक सुरू झालं. दुपारी एसीचा कॉम्प्रेसर धडधडत चालू झाला की तारा आपोआप घुमायच्या. अगदी बारीक, पण एकमेकींत मिसळून. कारण मला माहीत होतं. कंपन लादीतून पायांत जातं, पायांतून फळीत. तरी मी त्या खोलीत जेवायचं बंद केलं. बायको म्हणाली, "वाजतंय हो ते. कुणीतरी आत बसल्यासारखं. त्यांच्या मुलीला सांगा, घेऊन जा म्हणावं."

सरांच्या मुलीशी बोलणं झालं, गिटार कार्गोने पाठवायचं ठरलं. पाठवण्याआधी ती स्वच्छ करावी असं माझ्या मनात आलं. इथून पुढचं मला नीट लिहायला हवं.

नमाजेआधी हातपाय-तोंड धुतात तसा वुजू करून मी बसलो. मऊ फडकं घेतलं, उजव्या बाजूने सुरुवात केली. हे मी ठरवून केलं नव्हतं, हातच तसे गेले. अब्बांना गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, देताना मी होतो. तेव्हा पाणी ओतणाऱ्या बुजुर्गांनी मला सांगितलं होतं, "मय्यतीच्या अंगावर काही वाईट दिसलं तर ते तुझ्यापाशीच राहू दे. झाकून टाक." सरांना माती द्यायला मी नव्हतो. माझ्यासमोर होती ती ही फळी. तारांखालची धूळ, बोटांच्या घामाचे काळे डाग, सगळं पुसलं. मग अॅप लावलं. काही तारा बरोबर होत्या, काही केसभर खाली. पेडल दाबून पाहिलं तर चढलेले सूरही तसेच, कुठे कमी, कुठे जास्त. ही गिटार तिकडे जाईल, जाणकार लोक बघतील आणि म्हणतील, शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं बिचाऱ्याला.

रीडिंग घ्यायचं माझ्या ध्यानात होतं. ते मी विसरलो नाही. मी मुद्दाम घेतलं नाही. मय्यतीचे दोष टिपून ठेवतात का? एकेक खुंटी, पेडलांचा एकेक नट फिरवून मी सगळे सूर शून्यावर आणले, आणि उठलो तेव्हा खरंच हलकं वाटलं. वाटलं, सरांचं काहीतरी केलं आपण.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर चालू झाला. बायको दारात उभी राहिली.

"काय केलंत तुम्ही त्याला?"

"साफ केलं. का?"

"आता नुसती फळी घुमतेय."

तिला संगीतातलं काही कळत नाही, असं मी मनाशी म्हटलं.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. त्यांच्या आठवणीसाठी लोक जमणार होते. सरांचा एक जुना साथीदार त्या गिटारीवर वाजवणार होता. "ते काका म्हणतात, मीटरने कुणीही लावेल. बाबांचं लावणं वेगळं होतं. काही सूर ते मुद्दाम खाली ठेवायचे, म्हणजे एकत्र वाजले की एकमेकांत विरघळतात. खुंट्या प्रवासात हलतील, त्या परत लावता येतात. पण पेडलांचे नट हलत नाहीत. त्यांच्यात बाबांचा कान आहे, असं काका म्हणतात. तुम्ही कुणी हात नाही ना लावला?"

"नाही," मी म्हणालो.

हे नाही माझ्या तोंडून इतक्या सहज आलं की मीच ते ऐकत राहिलो. मग कामावर असलो तरी तेच. कुठल्याही यंत्राचा काटा शून्यावर टेकला की ते नाही पुन्हा ऐकू यायचं. घरी येऊन नट फिरवायचो, पण कुठे थांबायचं ते कळायचं नाही. मीटरशिवाय मी कधी काही लावलंच नव्हतं. कार्गोवाला पेटी न्यायला कधी येऊ म्हणून विचारत होता. बायको एक दिवस म्हणाली, "त्या पोरीला आता खरं सांगा. नाहीतर ती तिकडे हे ऐकेल आणि म्हणेल, माझा बाप असा वाजायचा."

जुम्म्याच्या दुपारी मी फोन केला. तिकडे सकाळ होती. मी सगळं सांगितलं. वुजूचंही सांगितलं, झाकण्याचंही, नाही म्हटल्याचंही.  

"तुम्ही त्यांना आंघोळ घातलीत," ती म्हणाली.

"हो."

"आणि मला खोटं सांगितलंत."

"हो."

"मला तुमचा खूप राग आलाय. फोन ठेवू नका." मग थोड्या वेळाने, "लहानपणी मी त्या गिटारीच्या खाली झोपायचे. वर सळया हलताना दिसायच्या. गिटारी बदलल्या, पण लावणं तेच राहिलं. फोन तारांपाशी ठेवा. पहिलं पेडल दाबा आणि वाजवा."

मी वाजवलं. "खाली," ती म्हणाली. मी नट फिरवला. "अजून. नाही, जास्त झालं. परत या. ऐका, दोन सुरांत ती लाट आहे ना, ती संथ होऊ द्या. अजून... थांबा!" आणि थांबल्यावर खोलीत काहीतरी निवलं. दारात बायको उभी होती, तिने मान डोलावली.  असं आम्ही एकेक पेडल, एकेक खटका लावत गेलो. मध्येच ती रडायची, मग म्हणायची, "हां, पुढचं."

शेवटी उजव्या गुडघ्याचा एक खटका राहिला. तो वाजवल्यावर ती गोंधळली.

"हा कुठला? हा नव्हता."

तो सरांनी इथे आल्यावर बसवला होता. त्याची सळई मीच वर्कशॉपमध्ये घासून दिली होती. एक तार जराशी उतरायची, आणि ते तो फक्त गाणं संपताना वापरायचे.

"मग हा मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "हा फक्त तुम्ही ऐकलाय. कुठे थांबायचा तो?"

मी नट फिरवत राहिलो. प्रत्येक जागी वाटायचं, हाच. पुढे गेलं की वाटायचं, नाही, हा. त्यांचा खांदा आठवत होता, डोळे मिटायचे ते आठवत होतं. सूर आठवत होता, आणि दर वेळी वेगळा आठवत होता.

"सापडतोय का?"

"नाही."

"अंदाजाने नको लावू या," ती हळूच म्हणाली. "काकांना मी सांगेन की तिथे काही नाही."

मी त्या खटक्याला तारेशी जोडणारी सळई काढून घेतली. खटका तसाच ठेवला. गुडघा लागला की तो हलतो, तार हलत नाही.