कोपऱ्यावरची सरळ भिंत

आमचा मामा गवंडी. त्या जुन्या रस्त्यावरची अर्धी घरं त्याच्या हातची. एकेक करत सगळी पाडली, कौलं गेली, काचेची दुकानं आली, मजल्यावर मजले चढले. उरलं ते एक कोपऱ्यावरचं शिंप्याचं दुकान, मामानं विशीत बांधलेलं.

मागच्या महिन्यात शेजारच्या नव्या इमारतीचा इंजिनियर साहेब दुकान पाडायचा कागद घेऊन आला. ती इमारत आणि दुकान यांच्यातली फट वरती अरुंद झालेली. "जुनी भिंत झुकलीय. पाडा," म्हणाला.

मामाचे गुडघे गेलेले, तरी ओळंबा घेऊन शिडीवर चढला.

"अहो मामा, पडाल!" शिंपी ओरडला.

"तू शिडी धर, शहाणपण नंतर शिकव."

वजन लावलेली दोरी सोडली. दोरी नि भिंतीत वर बोटभर अंतर, खालीही बोटभरच. मग तीच दोरी नव्या इमारतीवरून सोडली. वर बोटभर, खाली चांगलं वीतभर!

"साहेब, झुकलीय ती तुमची नवी नवरी. माझी म्हातारी ताठ आहे!"

अख्खा रस्ता हसला. साहेबानं मान खाली घालून कागद फाडला.

परवा मामाला त्याच रस्त्यानं शेवटचं नेलं. सगळे रडत होतो. शिंप्यानं मशीन थांबवलं, भिंतीवर थाप मारली नि मोठ्यानं म्हणाला, "मामा, उभी आहे बरं का!"