नसरीनचं यीस्ट

मे महिन्यातल्या एका सकाळी अचलपूरहून नसरीनच्या धाकट्या भावाचा, सलीमचा फोन आला. "ताई, आपा गेली…" एवढंच तो बोलला. आदल्या दुपारीच तर ती माझ्याशी बोलली होती.

अमरावतीत एम.एस्सी.ला नसरीन आणि मी एका बाकावर बसायचो. त्याच वर्षी तिच्या बहिणीला, शबानाला, रक्ताचा कॅन्सर झाला. त्यावरचं, सदाफुलीपासून निघणारं इंजेक्शन तेव्हा बाजारात मिळेना. सलीम अकोला, नागपूर पालथं घालून रिकाम्या हाताने परतला. अंगणात सदाफुली फुललेली, आणि औषध नाही… शबाना वाट पाहतच गेली.

पुढे अकोल्याच्या एका कॉलेजात नसरीन शिकवायला लागली आणि तिथल्या प्रयोगशाळेत तिने एकच काम धरलं. सदाफुलीच्या पोतंभर पाल्यातून चिमूटभरही औषध निघत नाही. तेच यीस्टकडून, म्हणजे पाव फुगवणाऱ्या खमिराकडून, बनवून घ्यायचं. त्यासाठी झाडातलं एन्झाइम यीस्टमध्ये घालायचं. पण तिथे ते मरगळून पडायचं. नसरीन त्याच्या रचनेत एकेक बदल करत राहिली. वर्षं गेली, लग्नाची बोलणी आली नि परतली, घरच्यांनी विचारणं सोडलं. यंदा होळीच्या सुमारास तिच्या यीस्टच्या एका वाणाने औषधाच्या आधीचा पदार्थ बनवला, अगदी नखभर. तिने फोनवर सांगितलं आणि बराच वेळ नुसती रडत राहिली.

सलीमच्या फोनच्या आदल्या दुपारी कॉलेजची वीज गेली, जनरेटरही बंद पडला. यीस्टचे सगळे वाण असलेला फ्रीजर वितळायला लागला, म्हणून ती ऑटोने बर्फाच्या कारखान्याच्या खेपा करत होती. ऑटोतूनच तिने फोन केला. मी म्हटलं, सारी माहिती कॉम्प्युटरवर आहे, वाण पुन्हा बनवता येईल, एवढ्या उन्हात कायले फिरून राहिली?

"बनन ना. पण वर्ष जाईन त्याच्यात. तोवर बिमार लेकरं थांबतीन का, वनू?"

संध्याकाळी ती प्रयोगशाळेतच कोसळली. उष्माघात… दवाखान्यात शुद्धीवर आलीच नाही.

चाळिसाव्या दिवसाची दुआ झाल्यावर सलीमसोबत तिचं सामान आणायला मी अकोल्याला गेले. तिची विद्यार्थिनी वाचलेल्या नळ्यांतलं यीस्ट वाढवून पाहत होती. बरेच वाण जगले होते. होळीतला तो मात्र उगवला नव्हता. "मंग आपा कायच्यासाठी गेली?" सलीमने विचारलं. पोरीने तो वाण नव्याने बनवायला घेतलाय.

सामान बांधून झालं. प्रयोगशाळेतल्या तिच्या बंद खोलीत यीस्टचा, आंबलेल्या पिठासारखा वास कोंडला होता. नसरीन भेटली की तिच्या दुपट्ट्याला हाच वास यायचा. सलीम खिडकी उघडायला उठला. मी म्हटलं, राहू दे. मग तोही परत खाली बसला…