धाकट्याचं गाऱ्हाणं

बाबा गेल्याचं सुहासने, माझ्या भावाने, फोनवर सांगितलं तेव्हा मी माझ्या मुलीच्या वेण्या घालत होते. एक झाली होती, दुसरीचे पेड हातात होते. "ताई, बाबा गेले गो... झोपेतच," एवढंच तो बोलू शकला. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी दुसरी वेणी पुरी केली आणि रिबीन बांधली. माहेरी, धामापूरला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. पुढचे दहा-बारा दिवस जो भेटायला येई तो म्हणे, "मोहन म्हणजे शांत माणूस हो." मी मान हलवत होते, पण आतून चिडत होते. शांत कसले? आवाज चढवत नसत एवढंच. एकदा ठरवलं की बाबांना जागचं हलवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं, आणि त्यांच्या त्या हट्टावरच आम्ही तीन भावंडं वाढलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. गावातल्याच शाळेत होती तोवर सगळं सुरळीत होतं, मग तिची बदली पार खारेपाटणच्या पलीकडे झाली. रोज जाऊन येणं शक्यच नव्हतं. तिथे खोली घेऊन राहायचं, शनिवारी सकाळची शाळा आटोपून कसालला गाडी बदलत घरी यायचं आणि रविवारी दुपारी परत निघायचं. मी चौथीत, सुहास पहिलीत, धाकटी बेबी तर अजून नीट बोलतही नव्हती. सगळ्या नातेवाइकांनी धरूनच चाललं होतं की आई आता राजीनामा देणार. आईनेही ते धरलं असावं, कारण त्या संध्याकाळी ती पडवीत बसून नुसती तांदूळ निवडत होती आणि निवडलेलेच परत निवडत होती. माडांना शिंपणं करून बाबा वर आले, पाय धुतले आणि म्हणाले, "तू जा. पोरांचा मी बघतंय."

"तुमका जमतला?" आईने विचारलं.

"जमाक व्हया," बाबा म्हणाले. जमायला हवं म्हणजे हवं, विषय संपला.

सुरुवातीला काहीच जमलं नाही. भाताची कधी खीर व्हायची, कधी खडे. माझ्या वेण्या तर विचारूच नका. बाबांचे हात माडाच्या झावळ्यांची चुडतं विणणारे, त्यामुळे वेणीही तशीच घट्ट. दिवसभर माझ्या भुवया वर ओढलेल्या असायच्या आणि बाई विचारायच्या, "काय गं, एवढी आश्चर्याने काय बघतेस?" मी घरी येऊन रडले, तेव्हा बाबांनी शेजारच्या काकूंना बोलावून आणलं, त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्या डोक्यावर धडा गिरवला. मासळीच्या टोपलीभोवती जमणारे पुरुष त्यांना डिवचत, "काय मोहना, आज काय शिजयलंस?" बाबा रागावत नसत. ओल्या खोबऱ्याचं वाटप कसं केलं, तिरफळं कधी टाकली, कोकम किती, हे इतकं सविस्तर सांगत बसत की विचारणाऱ्याला पळता भुई थोडी होई. महिन्याभरात सगळ्यांनी विचारणंच सोडलं.

पण रविवारची दुपार काही केल्या सोपी झाली नाही. आई निघाली की बेबी आकांत करी. सगळ्यांचा सल्ला एकच, पोरीला मागच्या दारी कोंबड्या दाखवायला न्या, तेवढ्यात आई निघून जाईल. बाबांना हे पटत नसे. "फसवून कित्याक? रडांदे तिका. पण आवशीक जाताना बघांदे." मग आमची सगळी वरात एसटीच्या थांब्यावर जायची. बेबी रडायची, आई खिडकीत तोंड फिरवायची, गाडी वळणाआड जायची आणि बाबा बेबीला खांद्यावर घेऊन तिचं रडून होईपर्यंत तिथेच उभे राहायचे. घरी चल, पुरे आता, असं एकदाही म्हणायचे नाहीत. आज मी स्वतः आई आहे, तर मला कळतं की रडणारं मूल घेऊन चारचौघांत असं उभं राहायला किती धीर लागतो...

त्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर मात्र आमचं सगळंच डळमळलं. बाबा विहिरीवर गेले असताना बेबीने चुलीजवळच्या पेजेच्या टोपात हात घातला. मनगटापर्यंत भाजली. बाबा तिला उचलून डॉक्टरकडे धावले. शनिवारी आई उतरली तेव्हा थांब्यावरच, इतर कुणी काही सांगायच्या आत बाबांनी तिला सांगितलं, "हात भाजलो पोरीचो. मी विहिरीर होतंय. चूक माझी."  आईने घरी येऊन बेबीला मांडीवर घेतलं आणि ती म्हणाली, "चतुर्थी झाली की मी राजीनामा देतंय."  बाबा गप्प बसलेले बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

चतुर्थीला मुंबईहून आबाकाका आले. बाबांचे थोरले भाऊ. माणूस वाईट नव्हता. येताना आमच्यासाठी खाऊ आणायचे आणि बेबीचं बँडेज बघून त्यांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. "पुरे झाला, मोहना," ते म्हणाले. "बापयमाणसाचा काम न्हय ह्या." संध्याकाळी आरती झाली. वाडीतली माणसं जमलेली. आमच्याकडे आरतीनंतर घरातला थोरला देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे घराचं सुखदुःख मोठ्याने देवाच्या कानावर घालतो, आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. असा दुजोरा मिळाला की ते सगळ्यांचं मागणं होतं, मग त्याच्या विरुद्ध कोण जाणार? आबाकाकांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, सालाबादप्रमाणे तुझी जी काय सेवा केली ती मान्य करून घे, रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "ह्या घरातली सून पोरांका सोडून परगावाक रवता. तिका घराक परत हाड, तिची ही वणवण संपव, रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा," सगळी वाडी म्हणाली. लोक प्रसादासाठी हलायला लागले, तेवढ्यात बाबा पुढे झाले. थोरला उभा असताना धाकट्याने गाऱ्हाणं घालायची रीत नाही. बाबांनी घातलं.

"बा देवा म्हाराजा, थोरल्यान सांगल्यान ता तू आयकलंस. आता धाकट्याचा आयक. ह्या घरातली सून पोरांका शिकयता, ता काम तिच्या हातसून काढून घेव नको. घरचा मी करतंय. माझ्या हातान चुकला तर शिक्षा माका कर, तिका करू नको, रे म्हाराजा."

कुणीच काही बोललं नाही. दुजोऱ्याशिवाय गाऱ्हाणं अर्धवट राहतं हे आम्हा पोरांनाही माहीत होतं. आबाकाका खाली बघत होते. बाबा हात जोडून तसेच उभे. वाट बघत, थांब्यावर उभे राहायचे तसे. मग माजघराच्या दारातून आवाज आला, "व्हय म्हाराजा." आई होती. त्या क्षणी आईचा राजीनामा बारगळला. आम्ही भावंडं लगेच ओरडलो, आणि मग हळूहळू वाडीतली चार-दोन माणसंही म्हणाली. आबाकाका पुढचे दोन दिवस बाबांशी बोलले नाहीत, पण निघताना त्यांनी बेबीला पोटाशी धरलं.

पुढे सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. ठेच लागली की बेबी "बाबा" म्हणून रडायची, आणि ते ऐकून आईचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय. बाबांनीही पाहिलं असणार, कारण त्यानंतर रविवारी बेबीला भरवणं, न्हाऊ घालणं ते आईवर सोडून मुद्दाम माडांत निघून जायचे. काही वर्षांनी आई बदलून जवळ आली, यथावकाश निवृत्त झाली. स्वयंपाकघर मात्र बाबांचंच राहिलं. चहा आणि चतुर्थीचे मोदक सोडले तर त्यांनी तिला चुलीपाशी फिरकू दिलं नाही.

तेराव्यानंतर घरात पहिल्यांदा मासे आले. आईने आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. बांगड्याचं सार ती करणार होती. दारातून बघितलं तर ती स्टुलावर चढलेली. फळ्या बाबांनी आपल्या उंचीने ठोकलेल्या, आई त्यांच्या खांद्याला लागायची. मिठाची बरणी सगळ्यात वर. सुहास म्हणाला, "आये, उद्या सुतार हाडतंय, फळ्यो खाली घेवया."

"हात लावू नको," आई म्हणाली.

जेवायला बसलो. सार बरं होतं, वाटप जरा जाडं.  शेवटी बेबीच, आता दोन मुलांची आई, म्हणाली, "आये, मीठ कमी पडला." आईने भुरका मारून बघितला. मग ताट बाजूला सारून ती उठली आणि स्टूल ओढत फळीपाशी गेली. मी धरायला उठले.

"बस तू," ती म्हणाली, "माका जमाक व्हया," आणि वर चढली.