अप्पासाहेबांच्या उड्या

आम्ही पॅराशूट पलटणीतले चार रिटायर्ड गडी रोज अहमदपूरच्या स्टँडसमोर चहाला बसतो. चहा संपतो, पण आमच्या कमांडर अप्पासाहेबांचे किस्से काही संपत नाहीत. एकानं सुरू केला की दुसरा म्हणतो, "थांब, त्याच्या आधीचं राहिलं!" साहेब इथल्याच कापडदुकानदाराचे चिरंजीव. मी चाकूरचा, त्यांच्या हाताखाली पॅराशूट बांधणारा.

*

कॅप्टन असताना त्यांनी गावच्या शाळेत उडीचं प्रात्यक्षिक ठेवलं. मैदानात पोरं, पालक, बँड! वारं फिरलं अन् साहेब थेट शेजारच्या तुरीत. म्हातारी खुरपं घेऊन समोर उभी. साहेबांनी अदबीनं विचारलं, "मावशी, बाहेर जायला वाट कुठून हाय?"

"आला तसा वरूनच जा! तूर तुडवू नको!"

*

विमानातून शेकडो उड्या मारलेला माणूस, पण माहूरच्या घाटात एसटीत पिशवी तोंडाला! कंडक्टरनं कळवळून विचारलं, "पहिल्यांदाच निघालात का घराबाहेर?" साहेबांनी नुसती मान हलवली. तोंड उघडायची सोयच नव्हती!

*

पुढं आफ्रिकेतल्या एका देशात यादवी पेटली. शांतिसेनेत आमची पलटण गेली, साहेब कमांडर. घरून साहेबांच्या मिसेसचा, आमच्या वहिनींचा, फोन आला, "भांडण त्यांचं, तुम्ही मधी कशाला?"

"सोडवायला."

"मग घरात दोन जावा भांडल्या की गच्चीवर कोण पळतं?"

स्पीकर चालू होता! आम्ही सगळे एकदम कामाला लागलो.

*

एकदा साहेबांनी दोन्ही गटांचे म्होरके तंबूत आणून बसवले. एकमेकांकडं बघायला तयार न्हाईत. साहेबांनी भाकरी अन् आपला ठेचा वाढला. पहिल्याच घासाला दोघंही उठले अन् पाण्याच्या एकाच तांब्यावर तुटून पडले!

साहेब म्हणाले, "लिहून घ्या रे. एका मुद्द्यावर एकमत झालं!"

*

आता हा माझा. एक गाव वेढ्यात अडकलं होतं. जखमी लई, रस्ते बंद. साहेब अन् डॉक्टर धरून वीस जण तिथं उडी घेणार होते, पॅराशूट आमच्या टोळीनं बांधलेली. बांधताना घडी हलू नये म्हणून आम्ही कापडावर शिसं भरलेल्या छोट्या, जड पिशव्या ठेवतो, शेवटी काढून मोजतो. बारा पाहिजेत.

अकराच भरल्या!

एखादी आत राहिली तर पॅराशूट उघडायचं न्हाई, वर गेलेला माणूस गेलाच. तिकडं विमान सुरू झालेलं. तरी जाऊन सांगितलं, "साहेब, एक पिशवी कमी हाय. चूक माझी."

"सगळी सोड," साहेब म्हणाले.

वीसच्या वीस सोडली. पिशवी कशातच न्हाई! वेळ गेला म्हणून साहेबांनी पुन्हा नकाशा बघायला घेतला, अन् तो उडू नये म्हणून त्यावर ठेवलेली माझी बारावी पिशवी! सकाळी त्यांनीच उचलून नेलेली.

कुणी हसलं न्हाई. साहेबांचा चेहरा लालबुंद. त्यांनी बूट काढले, पॅराशूट पुन्हा बांधायला माझ्या शेजारी मांडी घातली. "सांग, कुठं धरू?"

दुपारी विमान उडालं. मी वायरलेसपाशी बसून राहिलो. शेवटी साहेबांचा आवाज आला, "पोचलो. वीसच्या वीस उघडली. डॉक्टर कामाला लागले."

मग त्यांनीच विचारलं, "अन् तिकडं पिशव्या किती?"

मला रडूच फुटलं.

"बारा, साहेब!"